दाजी, एकाने उलटं वळायला हवं

तीर्थरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली आठही अंगं टेकत नाहीत. जेवढी टेकली तेवढी स्वीकारावीत, उरलेली मनाने टेकली असं समजावं.)

तुमची कंबर कशी आहे? जन्मभर शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून तिला जे हादरे बसलेत ते पाहता ती अजून जागेवर आहे हेच नवल. ड्रायव्हिंग स्कूलला नवी गाडी घेतलीत, की जुनीलाच रंग देऊन भागवलंत? ताईचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? माझी तब्येत ठणठणीत आहे. दुकानाला कुलूप असल्यामुळे आपल्याकडची निम्मी माणसं सध्या जुन्याच चष्म्यातून अंधूक बघत फिरत असतील. कुणी भेटलं तर मी लवकरच परत येतोय असं सांगावं. (सांगणारे तुम्ही आहात हे त्यांना दिसेलच असं नाही, तेव्हा आधी नाव सांगावं.)

आता मुख्य विषय. तुम्ही आणि ताईने मला इथे ज्या कामाला धाडलंत ते ऐकायला सोपं होतं. तुमची कन्या आणि माझी भाची ठकू, जी तुमच्या दोघांशी बोलत नाही आणि जिच्याशी तुम्ही दोघं बोलत नाही, तिला त्या प्रयोगशाळेतून उठवून घरी घेऊन यायचं. तेवढं जमलं नाही तर निदान ती तिथे नेमकं काय करते ते समजून घ्यायचं. दाजी, पहिलं काम झालेलं नाही आणि दुसरं झालं की नाही हे मला ठरवता येत नाही. शेवटची ती घरी आली होती तेव्हा जेवताना तुम्ही दोघांनी एका सुरात तिला सुनावलंत, की ते खूळ सोड आणि घरी ये, नाहीतर येऊच नको. तुम्हाला वाटलं ती पहिला अर्धा भाग ऐकेल. तिने दुसरा ऐकला. (मीही पंक्तीला होतो, पण तोंडात घास होता.) त्यानंतर जे अबोल्याचं कुलूप लागलं ते उघडायला तुम्ही मला पाठवलंत, म्हणजे चष्मेवाल्याला कुलपाच्या कामाला लावलंत. तेव्हा जसं घडलं तसं लिहितो. मध्येच कुठे काही कळेनासं झालं तर घाबरू नये, मलाही तिथे कळलेलं नाही.

पोचलो त्या संध्याकाळी ठकूच्या खोलीवर गेलो. खोली नीटनेटकी आहे, खिडकीत एक झाड आहे, ते जिवंत आहे. पोरगी वाळलीय, पण वाऱ्याने उडेल इतकी नाही. ताईने विणलेला स्वेटर दिला तो तिने तिथल्या तिथे चढवला. (बाही एक आखूड आहे. ताईला सांगू नये.) मग मी घसा साफ करून तुमचा निरोप, जसा पाठ करून घेतला होतात तसा, सगळा म्हणून दाखवला. तिने तो नळाखाली कप विसळत ऐकला. झाल्यावर एवढंच विचारलं, की बाबांनी काही दिलं नाही का? मी म्हणालो, नाही. तिने तोच कप पुन्हा विसळायला घेतला. दाजी, मला ते बघवेना, म्हणून मी आपलं ठोकून दिलं, की दिलं काही नाही, पण विचारलंय मात्र, की वळताना आरशात बघतेस ना? त्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "बघते म्हणावं. मी जिथे काम करते तिथे आरशाशिवाय काही वळतच नाही." मला वाटलं ती रागाने बोलली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती नुसती खरं बोलत होती.

तिची प्रयोगशाळा तळघरात आहे. रस्त्यावरून ट्रक गेला तर उजेड हलतो म्हणे, म्हणून तळघर. (उजेडावर आयुष्य काढलं, पण उजेड हलतो ही तक्रार घेऊन माझ्याकडे अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.) दारावर पाटी आहे, की आत लेसर आहे, डोळे सांभाळा. धंद्याच्या दृष्टीने मला ती पाटी आवडली. तिच्या खाली आणखी एक पाटी आहे, पांढरी, चौकोनी, तिच्यावर लाल रंगात इंग्रजी एल. तिथल्या सगळ्यांना वाटतं एल म्हणजे लेसर. मी जवळ जाऊन पाहिली. एक कोपरा दुमडलेला आहे आणि भोकातून तांब्याची तार पिळून बांधलेली आहे. दाजी, ती तुमच्या गाडीची पाटी आहे. ती कुणीतरी पळवली म्हणून तुम्ही अख्ख्या गल्लीला फैलावर घेतलं होतं. गल्ली निर्दोष आहे. मी ठकूला याबद्दल काही बोललो नाही, तुम्हाला मात्र कळावं म्हणून लिहिलं.

आत गेल्यावर आधी थंडी वाजते, मग काहीच दिसत नाही, आणि दिसायला लागल्यावर काहीच समजत नाही. मध्ये एक जाडजूड पोलादी टेबल. त्यावर बारक्या बारक्या स्टँडवर आरसे आणि काचा, इतक्या की माझ्या दुकानाचं शोकेस लाजेल. टेबलाच्या टोकाला स्टीलचं पिंप, गोल खिडक्यांचं. त्यातली हवा पंप लावून सतत उपसत असतात, आणि एवढी उपसून झाली की आर्गॉन नावाचा वायू त्यात चिमूटभर सोडतात. मी विचारलं, सोडायचाच होता तर काढला कशाला? ठकू म्हणाली, घर रिकामं केल्याशिवाय पाहुणा नीट दिसत नाही. हे मला पटलं, आणि पटलं म्हणून मी पुढचं ऐकायला बसलो. तिथेच फसलो.

तिचं म्हणणं असं. प्रत्येक अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन असतात, ते आपापल्या जागी सुखाने असतात. त्यांच्यावर लेसरचा असा जबर झोत मारायचा की त्यातला एखादा उपटून बाहेर पडला पाहिजे. बाहेर पडलेला पलीकडच्या पडद्यावर कुठे आदळतो ते बघायचं. मी म्हटलं, मग? म्हणाली, मग तो कुठल्या दिशेला जाईल हे आपण ठरवायचं. मला तुमची आणि ताईची फार आठवण आली. आता हे ठरवायचं कसं, तर एका झोताचे दोन करायचे. एक लाल (इतका लाल की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, मग त्याला लाल का म्हणायचं हे विचारायचं मी टाळलं), आणि दुसरा एका स्फटिकातून काढून निळा केलेला, जो लालच्या दुप्पट घाईने थरथरतो. दोघांना वेगवेगळ्या वाटेने न्यायचं, प्रत्येकाच्या वाटेत एक खास काच ठेवायची. त्या काचेतून गेला की उजेड सरळ न थरथरता मळसूत्रासारखा पीळ घेत पुढे जातो. मळसूत्र उजवं की डावं हे काच कशी बसवली त्यावर ठरतं. मग दोन्ही उजेड एकत्र करून पिंपात सोडायचे. इथवर मी मान हलवत होतो. गिऱ्हाईक स्वतःच्या मोतीबिंदूचा इतिहास सांगतं तेव्हा हलवतो ना, तीच मान.

ते तिने ओळखलं. मग तिने माझी चष्म्याची डबी घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली की ही बाबांच्या मैदानावरची गाडी. आत शिकाऊ बसलाय, त्याला स्वतःचं काही कळत नाही, तो इलेक्ट्रॉन. त्याच्या दोन बाजूंना दोन शिकवणारे, दोघांच्या हाती एकेक स्टिअरिंग. एक सावकाश फिरवतो, दुसरा दुप्पट घाईने. दोघांनी एकाच दिशेला फिरवलं तर गाडी मोठं वळण घेत मैदानाबाहेर जाते ती जातेच, परत येत नाही. पण दोघांनी एकमेकांच्या उलट फिरवलं तर गाडी तीन पाकळ्यांचं फूल काढते, आणि दर पाकळीला जिथून निघाली त्या जागेजवळून जाते. कधीकधी तर घरालाच, म्हणजे ज्या अणूतून निघाली त्यालाच, येऊन थडकते, आणि त्या थडकण्यावरून घर आतून कसं आहे ते कळतं. डबी टेबलावर फिरवून तिने ते फूल मला काढून दाखवलं. मी विचारलं, म्हणजे शिकवणारे भांडले की गाडी घरी येते? "भांडत नाहीत रे मामा, उलटे फिरतात. पण एका ठेक्यात." मला समजलं असं मी सांगितलं. दाजी, खरं तर मला एवढंच समजलं, की तुमचं मैदान, तुमची गाडी आणि तुमचं शेजारी बसणं पोरीने त्या तळघरात जसंच्या तसं नेऊन ठेवलंय.

पुढचा भाग नाजूक आहे, तो ताईला वाचून दाखवू नये. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या कामाची परीक्षा घ्यायला समिती येणार होती. हे काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे समिती ठरवणार. गुंडाळलं तर ठकूला इथे राहायला कारणच उरत नाही, म्हणजे ती घरी आलीच, म्हणजे तुमचं आणि ताईचं काम फत्ते. चालू राहिलं तर मी रिकाम्या हाताने परत. दाजी, त्या दिवशी मी कुठल्या बाजूचा होतो हे मला स्वतःला शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी ती रंग उडालेल्या चेहऱ्याने ताईचा स्वेटर घालून निघाली तेव्हा तिच्या बाजूचा होतो. तुमचा निरोप आठवला की तुमच्या. तिचे साहेब (बारा महिने गळ्याभोवती मफलर, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात मफलरसाहेब म्हणतो) मला म्हणाले, घरचं माणूस आहात, मागच्या खुर्चीवर बसा, फक्त कशाला हात लावू नका. आणि सगळे समितीला घ्यायला वर गेले. झोत बंद होता, मी एकटा होतो आणि माझ्यासमोर काचा होत्या.

आता चष्मेवाल्याच्या जातीला काचेवरचा डाग दिसला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच लग्नात मी तुमच्या काकांच्या नाकावरचा चष्मा उतरवून पुसला होता, ते अक्षता टाकायच्या ऐवजी मला शोधत बसले होते. इथे शेजारी-शेजारी दोन स्टँड होते, दोघांत एकेक गोल काच, म्हणजे सरळसरळ चष्माच की. त्यातल्या डावीवर ठिपका होता. मऊ फडकं खिशातून केव्हा बाहेर आलं ते मला माहीत नाही. कडं फिरवलं, काच काढली, पुसली. पुसताना लक्षात आलं की दोन्ही काचांच्या कडेला बारीक खूण आहे आणि दोन्ही खुणा एकाच बाजूला कललेल्या आहेत. दाजी, ही शुद्ध घोडचूक होती. चष्म्यात एका काचेची खूण नाकाकडे असेल तर दुसरीचीही नाकाकडेच हवी, नाहीतर गिऱ्हाईक जिन्यावरून पडतं. एवढी शिकली-सवरलेली माणसं आणि डोळ्यांची जोडी नीट बसवता येत नाही, असं मनात म्हणत मी डावी काच पालथी करून बसवली. आता दोन्ही खुणा कशा समोरासमोर, नाकाकडे झुकल्या. कडं घट्ट केलं आणि खुर्चीवर येऊन शहाण्यासारखा बसलो. मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

समिती आली. एक अध्यक्षीणबाई, एक पेंगणारे गृहस्थ आणि एक उपयोगवाले. (त्यांनी दार उघडताच पहिला प्रश्न विचारला, की याचा उपयोग काय. दाजी, हुबेहूब तुमचा आवाज.) ठकूने सगळं नीट सांगितलं, की आता पडद्यावर तीन पाकळ्यांचं फूल उमटेल, प्रत्येक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन. झोत सोडला. पडद्यावर ठिपके जमायला लागले, जमले, आणि फुलाच्या जागी एका बाजूला झुकलेली चंद्रकोर दिसायला लागली. पाकळी औषधाला नाही. मफलरसाहेबांनी मफलर सैल केला. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून पुन्हा घातला. मी छताकडे बघितलं. डावी-उजवी मळसूत्रं, काच कशी बसवली, दोन शिकवणारे, हे सगळं त्या क्षणी एकदम माझ्या डोक्यात शिरलं. आदल्या दिवशी शिरलं असतं तर बरं झालं असतं.

ठकूने चंद्रकोरीकडे बघितलं, मग टेबलाकडे बघितलं, मग माझ्या खिशातून डोकावणाऱ्या फडक्याकडे बघितलं. बस्स, तेवढ्यावर तिला कुठली काच, कुठली बाजू, सगळं कळलं. मला वाटलं आता माझी वरात निघणार. पण ती समितीकडे वळून म्हणाली, की हे नीट बघून घ्या. दोन्ही रंग एकाच दिशेने फिरतात तेव्हा असं होतं, सगळे एकाच अंगाला फेकले जातात आणि परत कुणी येत नाही. असं म्हणून तिने झोत थांबवला, हातमोजे चढवले आणि माझी काच उलटी करून पूर्ववत बसवली. पुन्हा झोत. या वेळी ठिपके जमता जमता एक पाकळी आली, दुसरी आली, तिसरी आली. मग तिने एक बारीकशी फिरकी जराशी फिरवली, म्हणजे निळ्याला लालच्या किंचित मागे ठेवलं म्हणे, आणि पुढच्या खेपेला तेच फूल पडद्यावर तिरकं उमटलं. आणखी फिरवली, आणखी तिरकं. जिकडे म्हणेल तिकडे पाकळी. पेंगणारे गृहस्थ जागे होऊन पुढे सरकले. उपयोगवाल्यांनी विचारलं, की परत येतात म्हणजे नक्की येतात का? ठकू म्हणाली, "सगळे नाही येत. पण यायची वाट मोकळी राहते." दाजी, मला त्यातलं विज्ञान किती कळलं देव जाणे, पण डोळ्यांवर ते लेसरचे गॉगल होते म्हणून माझी अब्रू राहिली.

थोडक्यात, काम चालू राहणार आहे. म्हणजे तुमचं काम माझ्या हातून बिघडलं आणि तिचं बिघडवता बिघडवता मी त्याला हातभारही लावला, असा काहीतरी हिशेब आहे. मी मुद्दाम केलं असं तुम्हाला वाटत असेल तर नाही, आणि ठकूला पाडण्यासाठी केलं असं तिला वाटत असेल तर तेही नाही. मी डाग पुसला. संध्याकाळी ती मला घेऊन चालत खोलीकडे निघाली. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, ती माझ्या पिशवीचा एक बंद धरून चालत होती, लहानपणी धरायची तसा. चालता चालता म्हणाली, की त्या दिवशी आईबाबांपैकी एकाने जरी म्हटलं असतं ना, जाऊ दे गं, ये तू, तर मी दर महिन्याला आले असते. दोघं एकदमच बोलले, मामा, मला कुठे बघावं तेच कळेना. यावर मी काही बोललो नाही. या वेळी तोंडात घाससुद्धा नव्हता.

असो. पत्र लांबलं. कंबरेला शेक द्यावा, ब्रेक दाबताना पाठ टेकवून बसावं. ताईला माझा नमस्कार सांगावा, आणि तिने विचारलंच तर माझं पत्र हवापाण्याविषयी होतं असं सांगावं.

तुमचा आज्ञाधारक (पण आज्ञा नीट न कळलेला) मेहुणा

ता.क. दाजी, खरं काम हे आहे. तुम्ही आणि ताई एकाच दिशेने फिरता, म्हणून पोरगी मैदानाबाहेर गेली. दोघांपैकी एकाने उलटं वळायला हवं. ताई काही वळायची नाही, ती माझी बहीण आहे, मी तिला ओळखतो. तेव्हा तुम्ही वळावं. फार काही करायचं नाही, फोन उचलून "ये" एवढंच म्हणायचं. ताईला खुशाल रागावू द्यावं. ती रागावलेलीच राहिली पाहिजे, नाहीतर ठेका चुकेल.

ता.क. २. तुमच्यापासून लपवणं बरं नव्हे म्हणून सांगतो, अस्संच पत्र मी ताईलाही वेगळ्या पाकिटातून पाठवतोय. त्यात, दाजी काही वळायचे नाहीत, तेव्हा तू वळ, असं लिहिलंय. कृपा करून तुम्ही दोघांनी एकमेकांशी याविषयी अवाक्षर बोलू नये. ती वळली आणि तुम्ही नाही, तर ठीक. तुम्ही वळलात आणि ती नाही, तरी ठीक. पण दोघंही वळलात तर पुन्हा दोघं एकाच दिशेला, म्हणजे पुन्हा ती चंद्रकोर. की तसं नाही? कागदावर बाण काढून बघितले, तेव्हा काही वेळ मीच घराबाहेर जात होतो.

ता.क. ३. पाकिटं चिकटवताना ठकू आली. एका घरी दोन पाकिटं कशाला, असं तिने विचारलं, आणि मी खिडकीतल्या झाडाकडे बघायला लागलो, त्यामुळे तिने दोन्ही पत्रं वाचली. आधी खूप हसली. मग म्हणाली की विज्ञान निम्मं चुकलंय, आणि मुळात मी इलेक्ट्रॉन नाही, मला माझे पाय आहेत. समिती यायच्या आधीच तिने रजा टाकून ठेवली होती, तेव्हा तुमच्यापैकी कुणी वळो न वळो, ती माझ्याबरोबर रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. थोडेच दिवस, मग परत इथे. एलची पाटी तुम्हाला मिळणार नाही, ती इथे लागते. स्टेशनवर घ्यायला यावं, ताईला मागे बसवावं. तिथून घरापर्यंत गाडी ठकू चालवणार आहे आणि तुम्ही शेजारी बसायचं आहे. मात्र तुमच्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, असं मी तुमच्या वतीने तिला वचन देऊन बसलोय. सीटवर मांडी घालून बसलात तर उत्तम.